धरलेला रविवार

"तुझा बोर्ड कोण धरतं रे?"

मी पिटच्या, म्हणजे रेसच्या गाड्या लावायच्या शेडच्या, मागे एका जुन्या टायरवर बसून इडली खात होतो. मान वर केली तर लिमयेकाकू. डोक्यावर निळी कापडी टोपी, गळ्यात दोरीला अडकवलेलं स्टॉपवॉच. वर्षभर मी त्यांना लांबूनच बघत आलो होतो. कधी "कसा आहेस" झालं असेल, त्यापुढे नाही.

"कुणी नाही," मी म्हणालो.

"कुणीच नाही? मग तुला कळतं कसं, कितवा आहेस, किती फेऱ्या उरल्यात?"

"पुढच्या गाड्या मोजायच्या. फेऱ्या मनात धरायच्या."

"आणि चुकलं तर?"

"चुकतं की अधूनमधून."

काकूंना हे अजिबात आवडलं नाही. पुण्याच्या माणसाला चुकलेलं चालत नाही, आणि चुकलं असं कबूल केलेलं तर त्याहून चालत नाही.

आमच्या गाड्यांत रेडिओ नसायचा. एकाच माणसाची गाडी, छत नाही, आणि आवाज असा की शेजारी बॉम्ब फुटला तरी ड्रायव्हरला कळू नये. म्हणून पिट आणि ट्रॅक यांच्यामध्ये जी कमरेएवढी भिंत असते, तिच्यापाशी प्रत्येक ड्रायव्हरचं एक माणूस काळा बोर्ड घेऊन उभं राहायचं. गाडी समोरून गेली की बोर्ड बाहेर. कितवा नंबर, पुढचा किती सेकंदांवर, किती फेऱ्या बाकी. एवढं वाचायला पापणी लवायच्या आत जेवढा वेळ मिळतो तेवढाच. हे काम घरच्यांनी करायचं अशी रीत होती. कुणाचे वडील, कुणाचा मामा. चेन्नईच्या एका पोराची तर होणारी बायको यायची, आणि तो तिच्याकडे बघण्याच्या नादात एकदा गवतात गेला होता.

सारंग लिमयेचा बोर्ड त्याची आई, म्हणजे याच काकू, धरायची. माझा कुणी नाही.

कोल्हापुरात मी लहान पोरांची रेसगाडी, कार्ट, चालवायचो तेव्हा पप्पा प्लायवूडच्या फळीला काळा रंग मारून खडूने आकडे लिहायचे. पण या रेस कोइमतूरला, आणि कोइमतूर म्हणजे काही पन्हाळा नव्हे. शिवाय आमच्या शिरोली एमआयडीसीची सुट्टी सोमवारी आणि रेस रविवारी. पप्पांची फाउंड्री. लोखंड वितळलेलं असताना मालकानं गाडी पकडून तमिळनाडूला जायचं, हे पप्पांच्या डोक्यातही येणं शक्य नव्हतं. त्यांनी मला एकच गोष्ट सांगून पाठवलं होतं. "वर्षभर कर हौस. पहिला आलास तर तुझा रस्ता मोकळा. न्हाईतर गुमान भट्टीवर यायचं."

आज ते वर्ष संपत होतं. शेवटची रेस. गुणांचं गणित असं येऊन थांबलं होतं की सारंग आणि मी, दोघांपैकी जो पुढे राहील तो वर्षाचा विजेता. विजेत्याला मलेशियातल्या एका टीममध्ये पुढच्या वर्षीची गाडी. दुसऱ्याला टाळ्या.

"आज सारंगचे बाबा आलेत दुबईहून," काकू म्हणाल्या. "वर्षभर फोनवर रेस ऐकली, आज म्हणतायत बोर्ड मी धरणार. धरू देत. माझे हात रिकामे झाले. तुझा धरू का?"

मी इडली खाली ठेवली. "काकू, आज मी सारंगच्या विरुद्ध आहे."

"मला ठाऊक आहे. मी काय बावळट आहे?"

"मग खोटे आकडे दाखवाल मला."

मी हसत म्हणालो होतो. त्या हसल्या नाहीत. "मी गणित शिकवते शाळेत. खोटा आकडा लिहायला माझा हातच वळत नाही. आडनाव साळोखेच ना तुझं? ळ, साधा ल नाही ना?"

"साळोखे. ळच."

एवढं विचारून त्या गेल्या. इडली गार झाली होती, तरी संपवली.

एकटेपणाबद्दल मी फार बोलत नाही. बोललं की लोक पाठीवर हात ठेवतात आणि मग काय करायचं ते कळत नाही. पण ते वर्ष एकट्याचं होतं हे खरं. हायवेवरच्या लॉजमध्ये एक खोली. तमिळ येत नव्हतं, इंग्रजी फाटकं. गाड्या प्रत्येक रेसआधी चिठ्ठ्या टाकून वाटल्या जायच्या, म्हणजे कुणी म्हणू नये की अमक्याला चांगली गाडी दिली. मेकॅनिक गाडीबरोबर राहायचा. त्यामुळे ज्याच्याशी खाणाखुणा करून महिनाभरात दोस्ती व्हावी, तो पुढच्या रेसला दुसऱ्याच्या गाडीपाशी वाकलेला दिसायचा. त्याचं चुकत नव्हतं, पण मला वाईट वाटायचं. आईनं दिलेली कांदा-लसूण चटणी मी सांबारात कालवून खायचो आणि बोलायचं झालं तर हेल्मेटमध्ये बोलायचो. गाडीत बसून काच खाली घेतली की आपलं आपलं कोल्हापूर सुरू. "हाण गड्या. आता कसं. अरे तुझ्या..." शिव्यांना तर हेल्मेटइतकी सुरक्षित जागा जगात नाही.

रेसच्या सकाळी घरी फोन करायचा माझा नेम होता. त्या दिवशीही केला.

"उठलास?" आई.

"केव्हाच. तू काय खाल्लंस?"

"आज रविवार न्हवं?"

मी कोइमतूरला आल्यापासून तिनं जोतिबाचा रविवार धरला होता. दिवसभर पाणी आणि चहा, संध्याकाळी दिवा लावल्यावर दोन घास.

"जोतिबाला सांग, माझा तिसरा गिअर अडकतोय."

"गप. देवाची चेष्टा करू नये."

"बरं, पण तू मागितलंस काय त्याच्याकडं?"

"नवस फिटल्याबिगर सांगत न्हाईत."

"मला ठाऊक आहे की."

"असंल ठाऊक," आई म्हणाली. "दमानं चालीव."

रेसच्या ड्रायव्हरला दमानं चालव म्हणणारी माझी आई एकटीच असेल असं मला तेव्हा वाटायचं.

गाडीत बसायच्या आधी सारंग भेटला. गोरा, उंच, बोलायला नम्र. त्याचा नम्रपणाच मला टोचायचा. "ऑल द बेस्ट, विश्वजित," म्हणत त्यानं हात पुढे केला, तोही डावा. आपल्याकडे डावा हात कुणी कुणाला देतं का? मी क्षणभर बघतच राहिलो. मग वाटलं, जाऊ दे, पुणेरी आखडूपणा, दुसरं काय. मीही डावाच दिला. मागच्या रेसला तो टायरच्या भिंतीवर जाऊन आदळला होता, गाडीचा पार चुराडा झाला होता, तरी बाहेर येऊन हात हलवला होता यानं. त्याचा मला हेवाच वाटला होता.

लाल दिवे विझले आणि सुटलो.

पहिल्या वळणाला धुरळा, टायरांचा वास, दुसरे दोघं एकमेकांत घुसले, मी बाहेरून निसटलो. सारंग सगळ्यांच्या पुढे. पहिली फेरी संपवून मी सरळ रस्त्यावर आलो आणि सवयीनं पुढच्या गाड्या मोजायला लागलो. तेवढ्यात उजवीकडच्या भिंतीवर मला ते दिसलं. इंग्रजी नावांच्या त्या बोर्डांच्या रांगेत एक मराठी पाटी. पांढऱ्या पट्टीवर ठसठशीत अक्षरात: साळोखे. खाली ३.

त्यापुढचं वळण मी कसं घेतलं ते आठवत नाही. मी हेल्मेटमध्ये ओरडलो, "आलो काकू, आलो!" ऐकणारं कुणी नव्हतं, पण बघणारं होतं. एवढ्या मोठ्या ट्रॅकवर मी कुठे आहे याची कुणालातरी काळजी होती. खोटं कशाला बोलू, त्या फेरीला मी रडलो.

आणि मग गाडी पळायला लागली. आपलं माणूस भिंतीवर असलं की काय होतं ते मला तेव्हा कळलं. प्रत्येक फेरी फक्त पुन्हा बोर्ड दिसावा म्हणून मारायची. दुसऱ्या नंबरवरचा चेन्नईचा पोरगा मी लांब सरळ रस्त्यावर खाल्ला. बोर्डावर २. खाली सारंगपर्यंतचं अंतर. दर फेरीला ते थोडं थोडं घटत होतं, आणि आकडे खरे होते. मी पुढे बघून ताडत होतो, काकू तेच लिहीत होत्या.

मी सारंगला गाठलं तेव्हा थोड्याच फेऱ्या राहिल्या होत्या. आता पुढे काढायचं होतं, आणि तिथेच गाडं अडलं. सारंगला मागे टाकणं सोपं कधीच नव्हतं. सरळ रस्त्याच्या शेवटी मी डावीकडे गेलो की हा डावीकडे. उजवीकडे गेलो की उजवीकडे. आरशात त्याचे डोळेच चिकटवल्यासारखे. भिंतीपाशी त्याचा बोर्ड धरून त्याचे बाबा हात उडवत होते. त्यांना पाहून मला माझी फळी धरणारे पप्पा आठवले. पुढच्या फेरीला मी भिंतीकडे बघितलं.

बोर्डावर अंतर नव्हतं. लिहिलं होतं: ७ आत.

सातवं वळण म्हणजे लांबलचक डावं वळण. संपता संपत नाही. तिथे कुणी कुणाला मागे टाकत नसे. एकच वाट होती आणि ती पुढच्याची. आतून घुसायचं म्हणजे पुढच्यानं दार लावलं की दोघंही बाहेर. शेवटी आईच ती, मी म्हणालो. पोरगा हरायला लागल्यावर आकडे कुठले आणि गणित कुठलं. मला खड्ड्यात घालतेय. मला राग आला नाही. त्यापेक्षा वाईट वाटलं. सकाळपासून जे काही मिळालं होतं, ते सगळं कुणीतरी परत मागतंय असं वाटलं.

सातव्यावर मी नेहमीसारखा मागेच राहिलो. पण डोळे होतेच. वळणाच्या मध्यावर सारंगची गाडी बाहेर सरकली. थोडीशी. कुणी मुद्दाम नाही सरकवत तशी. स्टिअरिंगवरची पकड सुटल्यासारखी ती उजवीकडे गेली, त्यानं ओढून परत आणली. आत गाडीभर जागा पडली होती.

पुन्हा सरळ रस्ता. शेवटची फेरी. काकूंनी बोर्ड या वेळी भिंतीच्या बाहेर पार लांब काढला होता, दोन्ही हातांनी. तेच लिहिलेलं. ७ आत.

"बघू काकू," मी हेल्मेटमध्ये म्हणालो. "खोटं असलं तर दोघंही दवाखान्यात."

सहाव्यातून बाहेर पडलो आणि सारंगनं वाट सोडायच्या आधीच मी नाक आत घातलं. एक क्षण आमची चाकं एकमेकांना लागतील एवढी जवळ होती. मग त्याची गाडी सरकली. मागच्यापेक्षा जास्त. मी आतून निघालो आणि पुढे रस्ता एकदम रिकामा झाला. वर्षभरात पहिल्यांदाच माझ्यापुढे कुणी नव्हतं.

पुढचं सगळं जसं असतं तसं. झेंडा, हार, आमच्या सगळ्यांच्या गाड्या सांभाळणारे बालन सर, वर्षभर माझ्याशी दोन शब्दांपलीकडे न बोललेले, ते मला उचलून नाचले. सारंग माझ्या खालच्या पायरीवर उभा होता. त्यानं कप डाव्या हातात घेतला. मला म्हणाला, "सातव्यावर जबरदस्त मारलंस." तो हसत होता, पण ओठ पांढरे पडले होते.

मी हार गळ्यात तसाच ठेवून भिंतीकडे पळालो. काकू तिथेच होत्या. बाकी सगळे बोर्ड आत गेले होते. त्या माझ्या बोर्डावरची नावाची पट्टी नखानं सोलत होत्या.

"काकू! तुमच्यामुळे!"

"हो," त्या म्हणाल्या. "माझ्यामुळेच."

त्यांचा आवाज ऐकून मी थांबलो.

"उजवं मनगट मोडलंय त्याचं. मागच्या रेसला आदळला ना, तेव्हापासून. डॉक्टरांनी सांगितलंय, आता एक धक्का बसला तरी हात कायमचा जाईल. पट्ट्या गुंडाळून, गोळ्या खाऊन चालवत होता. शेवटी शेवटी हात उरतच नाही त्याला. सरावातही सातव्यावर असाच बाहेर जायचा."

"मग सांगायचं ना! बालन सरांना, डॉक्टरांना..."

"त्यानं शपथ घातली. माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून. रेस संपेपर्यंत कुणाला एक शब्द बोललीस तर मी मेलो म्हण." त्यांनी पट्टीचं शेवटचं टोक सोललं. "त्याच्या बाबांनाही नाही बोलले. कुणालाच बोलले नाही. हरलो तर उद्या ऑपरेशन करून घेतो, असं कबूल केलंय त्यानं. जिंकला असता तर थेट मलेशिया."

दोन पावलांवर हार घालून उभा असलेला माणूस अशा वेळी फार मूर्ख दिसत असेल.

"तुझ्यासाठी नव्हते रे उभी मी," काकू म्हणाल्या. अगदी हळू, समजूत घातल्यासारखं. "मनाला लावून घेऊ नकोस."

"नाही काकू. आकडे तर खरे होते."

"ते असणारच."

माझ्या नावाच्या पट्टीची त्यांनी गोळी केली, भिंतीखालच्या डब्यात टाकली आणि सारंगकडे निघाल्या. पळतच निघाल्या. मग मी पाहिलं, तो पिटच्या दारात बसला होता, हातमोजा काढता येत नव्हता त्याला. काकू खाली बसल्या आणि एकेक बोट सोडवत तो मोजा काढायला लागल्या.

मी मागच्या बाजूला गेलो. सकाळचा टायर तिथेच होता. त्यावर बसून घरी फोन लावला.

पप्पांनी उचलला. "काय झालं?"

"जिंकलो."

"आरं वाघा!" पप्पा एवढ्यानं ओरडले की फोन कानापासून लांब धरावा लागला. मागे भट्टीचा आवाज होता, कुणीतरी शिट्टी मारली, कुणीतरी चांगभलं म्हणालं. "थांब, घरी जातो, आईला देतो. न्हाई, तूच लाव तिला. तूच सांग." पप्पांचा आवाज भरून आला होता. त्यांनी फोन ठेवला तेव्हा मला पहिल्यांदा जिंकल्यासारखं वाटलं.

मग घरी लावला.

"आई, जिंकलो. वर्षाचा विजेता. मलेशियाला जायचंय आता."

पलीकडे काहीच नाही. लाईन कट झाली असं वाटलं.

"आई?"

"हाय की. ऐकलं. लई चांगलं झालं." मग, "लागलं-बिगलं न्हाई न्हवं कुठं?"

"नाही गं. आता रविवार सोड. फिटला नवस तुझा. आजच दुपारी पोटभर जेव."

"न्हाई बाळा," आई म्हणाली. "फिटला न्हाई अजून."

"अगं जिंकलो म्हणतोय मी!"

"व्हय रे. कळलं. तू जेव जा. माझं संध्याकाळी दिवा लावून हुतंय."

फोन ठेवला. पिटच्या पुढच्या बाजूला बालन सर माझं नाव घेऊन हाका मारत होते. फोटो काढायचे होते. मी उठलो नाही. पिटच्या दाराच्या फटीतून लिमयेकाकू दिसत होत्या. मोजा निघाला होता. पोराचा सुजलेला हात त्यांनी आपल्या मांडीवर घेतला होता आणि त्या नुसत्या बसल्या होत्या.

मी मलेशियात गेलो. तिथून आणखी लांब गेलो. काही वर्षं चांगली गेली, काही नाही. भिंतीवर माणसं असायची, पगारी, नीट इंग्रजीत लिहिणारी, पुढे तर कानातच बोलणारी. दर रविवारी घरी फोन केला की आई म्हणायची, आज रविवार न्हवं? मी पुन्हा कधी जोतिबाची चेष्टा केली नाही.

मग एका वर्षी गाडी मिळाली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. पप्पा थकले होते. मी बॅग भरून शिरोलीला आलो. कायमचा.

आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी आईनं मला पहाटे उठवलं. जोतिबाच्या डोंगरावर नेलं. नारळ फोडला, गुलाल-खोबरं उधळलं. माझ्या कपाळाला इतका गुलाल लावला की घरी येईपर्यंत डोळ्यांत जात होता. दुपारी तिनं दोन ताटं वाढली आणि माझ्या शेजारी पाटावर बसली. इतक्या वर्षांत रविवारी दुपारी मी तिला जेवताना पाहिलं नव्हतं.

तिनं पहिला घास घेतला, सावकाश चावला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आता इचार की."

"काय?"

"नवस काय हुता ते. आता सांगायला हरकत न्हाई."

"नको," मी म्हणालो. "तू जेव आधी."